बेल रिव्हचा अर्ल

शाळेच्या प्रोजेक्टसाठी क्षिप्राच्या वाट्याला लुइझियाना आलं, आणि सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये तिच्याहून जास्त आनंद तिच्या बाबांना झाला. वीस वर्षांपूर्वी यशोधन अमेरिकेतल्या त्या राज्यात इंजिनिअरिंग शिकला होता. २००५च्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन तिच्या तक्त्यापाशी फरशीवरच बसला.

मिसिसिपी नदीनं गाळ आणून आणून समुद्रात ती जमीन कशी रचली, फ्रेंचांनी ती अमेरिकेला कशी विकून टाकली, ऊस, कोळंबी, तेलाच्या विहिरी, सगळं त्यानं सांगितलं. मग गाडी बेल रिव्हवर आली. अगदी दक्षिणेच्या टोकाचं, मासेमारीवर जगणारं गाव. तिथल्या अर्लच्या बोटीवर त्यानं दोन उन्हाळे कोळंबी निवडली होती. वाईहून गेलेला, मासळीला कधी हात न लावलेला मुलगा. पहिल्या दिवशी तो कठड्यावर वाकून ओकत राहिला, आणि अर्ल न हसता त्याची पाठ चोळत उभा राहिला. संध्याकाळी परतताना अर्ल पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं दाखवायचा. तिथं माझ्या आजोबांचा ऊस होता, म्हणायचा.

"बाबा, टीचरला फॅक्ट्स हवेत, लाह," क्षिप्रा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

तिनं कॉम्प्युटरवर बेल रिव्ह शोधलं. ऑगस्टमधल्या वादळानंतर आकाशातून काढलेला फोटो होता. त्यात नुसतं पाणी होतं.

नोकरी, लग्न, सिंगापूर, या गडबडीत अर्लला यशोधननं एक पत्रही टाकलं नव्हतं. त्यानं आडनाव सांगितलं आणि क्षिप्रा वादळातून वाचलेल्यांच्या याद्या चाळत बसली. तिसऱ्या यादीत अर्ल सापडला. लेकीकडं, ह्यूस्टनला. पुढं फोन नंबर होता.

तिथं शनिवारची संध्याकाळ असणार. यशोधननं नंबर लावला. नाव सांगून अर्लला काही उमजेना. बोटीवर ओकणारा मुलगा, असं म्हटल्यावर मात्र तो खोकला येईपर्यंत हसला. मग घर गेलं, बोट गेली, बायकोची कबरही पाण्याखाली गेली, हे त्यानं एका दमात, कालच्या जेवणाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"तू काय करतोस हल्ली?" अर्लनं विचारलं.

गेली नऊ वर्षं यशोधन सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसला समुद्रात वाळू टाकून जमीन तयार करत होता. तो रुजू झाला तेव्हा जिथं लाटा होत्या, तिथं आता ट्रकच्या रांगा लागत. भारतातून पाहुणे आले की त्यांना तो हौसेनं ती जागा दाखवायला न्यायचा.

"बंदरात असतो," एवढंच तो म्हणाला.

"बरं झालं," अर्ल म्हणाला. "म्हणजे पाण्याजवळच राहिलास."