बीट-गाजराचा पेला

निवृत्त नवरा घडीभर स्वस्थ बसेल तर शपथ, म्हणून आईंचं डोकं फिरलं होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक शर्ट न्यायला येणार, आणि यांनी शिलाई मशीनला एवढं तेल पाजलं, की कापडावर डाग पडले. वर प्रत्येक शर्टासाठी जुळवून ठेवलेली बटणं एकत्र ओतून लहान-मोठी अशी निवडून ठेवली.

"बाबा दुपारी पेंगायचे म्हणून हा बीट-गाजराचा रस तुम्हीच सुरू केलात ना, आई?" सासऱ्यांसाठी भरलेला पेला आणत सून हसली.

आईंनी तो मधेच घेतला आणि उभ्याउभ्याच रिकामा केला.

"अहो, उद्यापासून हा रस मी पिणार. तुम्हाला आवरायचं तर ताकद मला हवी. तुम्ही बसा खुशाल पेंगत."