आप्पांच्या डोक्यात उजेड पडला

"आजी, त्या काळात घरच्यांनी तुला नोकरी करू दिली?" यंदाच इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतलेल्या काजलने विचारलं, तशा वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या चारुलताबाई गालात हसल्या.

कुठली करू देतात! अठ्ठ्याहत्तर साली त्या लग्न होऊन खापरला आल्या, तेव्हा इलेक्ट्रिकलची पदवी हातात होती आणि नोकरीही लागली होती. पण सासरे छगनआप्पांनी एका वाक्यात विषय मिटवला. "सून काय खांबवर चढाले आनेल शे का?"

मग नणंदेच्या साखरपुड्याला, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, वीज गेली. गल्लीत सगळीकडे दिवे आणि अंधार फक्त आप्पांच्या घरात! वायरमन अक्कलकुव्याला गेलेला. पुरुषांनी बटणं खटखटवली, बोर्डावर बुक्क्या मारून पाहिल्या. व्याही चुळबुळायला लागले, तशा सासूबाई धनुबाई म्हणाल्या, "घरमा इंजिनेर सून शे ना, तिले देखू द्या!"

सासूबाईंनी धरलेल्या स्टुलावर सून चढली आणि बघता बघता घर उजळलं. व्याही थक्क झाले. "मन्ही सून शे!" आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, आणि पुढच्याच सोमवारी ते स्वतः तिला नंदुरबारच्या ऑफिसात रुजू करून आले.

"पण आजी, बिघाड काय होता?"



"बिघाड कसाना, माय! फ्यूज तुन्ही पणजीनी पदरमा बांधेल व्हता."