चौथ्या प्रकरणापर्यंत

परीक्षेला अकरा दिवस उरले असताना कुणी पुस्तक विकायला आलं, की जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या काकूंचा दोन्हीकडून फायदा असे. घाबरून विकणारा घासाघीस करत नाही आणि उशिरा जाग येऊन विकत घेणारा किंमत विचारत नाही. मधले दोन दिवस पुस्तक फळीवर ठेवायचं, एवढीच मेहनत.

म्हणून त्या दुपारी कॉलेजातल्या एका मुलीने पिशवीतून दोन जाडजूड पुस्तकं काढून गल्ल्यापुढे ठेवली, एक अमेरिकेच्या राजकारणाचं आणि दुसरं संशोधन पद्धतींचं, तेव्हा काकूंनी लगेच चेहरा पाडला. हा चेहरा त्यांनी खरेदीसाठीच राखून ठेवला होता.

"जोडीनेच आणलीस? पण जुनी आवृत्ती आहे गं. तिकडे दर निवडणुकीला नवी निघते."

"द्याल ते द्या, काकू."

मागे फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसलेल्या काकूंच्या नवऱ्याने मान वर केली. त्याला सगळे काका म्हणत. 'द्याल ते द्या' हे शब्द त्या दुकानात वर्षातून एखाद्या वेळीच ऐकू येत.

काकूंनी राजकारणाचं पुस्तक उघडलं. किंमत ठरवताना त्या छापलेला मजकूर बघत नसत, पेन्सिलीच्या खुणा बघत. खुणा नेटक्या असतील तर घेणाऱ्याची मेहनत वाचते आणि भाव चढतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खुणा वाचून त्यांचं स्वतःचंही बरंच शिक्षण झालं होतं. तिथली राज्यघटना, संघराज्य, नागरिकांचे हक्क, काँग्रेस म्हणजे तिथली संसद, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. पाचव्या प्रकरणापासून मात्र अंधार. तो अध्यक्ष नेमका निवडून कसा येतो हे त्यांना अजून कळलं नव्हतं, कारण तिथवर कुणाची पेन्सिलच पोचली नव्हती.

या मुलीच्या खुणाही चौथ्याच प्रकरणाशी थांबल्या होत्या. पण काय खुणा! सरळ, बारीक, आणि समासात प्रश्न. 'हे कुणी ठरवलं?' 'मग हरलेल्यांचं काय?' एका ठिकाणी तर लेखकालाच उद्देशून, 'पुरे.'

"कोर्स सोडतेस?"

"संशोधन पद्धतीच्या चाचणीत पन्नासपैकी नऊ पडले. माझ्याच्याने नाही व्हायचं. घरी अजून बोलले नाही. पुस्तकं गेली की सांगेन, म्हणजे मग परत फिरायला नको."

काकूंना आता फक्त नोटा मोजायच्या होत्या. सौदा गोड व्हावा म्हणून त्या म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. चारशे प्रती तरी माझ्या हाताखालून गेल्या असतील. चौथ्याच्या पुढे कुणी म्हणता कुणी जात नाही. सगळे तुझ्यासारखेच."

"सगळे नाही, काकू."

"अगं, चारशे म्हणतेय मी!"

"चारशे असोत नाहीतर चार हजार. तुमच्याकडे येतं कोण? सोडून जाणारे. शेवटपर्यंत वाचणारा पुस्तक कशाला विकेल? तो तुम्हाला दिसणारच नाही. दवाखान्यात बसून गाव मोजलं तर अख्खं गाव आजारीच निघेल ना?"

काकूंचा हात गल्ल्यातच राहिला. वीस वर्षांचं त्यांचं ठाम मत एका दमात आडवं झालं होतं. मागून काका खोकले. तो खोकला सर्दीचा नव्हता, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनी काकूंना कळत होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? नमुना निवडण्यातली साधी चूक आहे." मुलीने दुसरं पुस्तक ओढून भराभर पानं उलटली. "हे बघा. सहावं प्रकरण."

पान कोरं करकरीत होतं.

"यावर खुणा का नाहीत?"

"समजलं नाही म्हणून."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगी पुस्तकाकडे बघत राहिली. मग काकूंनी दोन्ही पुस्तकं मिटली आणि तिच्या बाजूला सरकवली.

"मी नाही घेत."

"का? मी तर तुम्ही द्याल तेवढ्यात..."

"अर्धवट खुणांचा माल आमच्याकडे चालत नाही." दुकानात पूर्ण खुणांची एकही प्रत नव्हती. "पुरतं कर आणि मग आण. दुप्पट देईन."

"पण काकू, पुरतं केलं तर मी विकायला येणारच नाही. आत्ताच नाही का सांगितलं?"

"मग नको येऊस! आणि इथे उभी राहून गिऱ्हाईक अडवू नकोस."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. मुलगी पिशवी न भरताच, पुस्तकं छातीशी धरून बाहेर गेली.

"जोरात धंदा केलास," काका म्हणाले. "आलेला माल परत, आणि पुन्हा येऊ नये अशी व्यवस्थाही केलीस."

"तुम्ही डिंक बघा. वाळतोय."

तेवढ्यात दारातून मुलीचं डोकं आत आलं. ती पायरीवरच बसली होती, सहावं प्रकरण मांडीवर उघडून.

"काकू, पेन्सिल आहे?"

काकूंनी मागे वळूनही न बघता हात लांब केला, काकांच्या कानामागची पेन्सिल काढली आणि देऊन टाकली.

हिशेबच करायचा तर काकूंचा नफा बुडाला, पण तो अजून हातात आलेलाच नव्हता. मुलीचं काहीच गेलं नाही. त्या व्यवहारात खरोखरीची वस्तू एकाच माणसाची गेली. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत काका पुठ्ठ्यांवर नखाने रेघा ओढत होते.