तपासणीचा दिवस

"उद्या शाळा तपासायला साहेब येणार. शेवंताला नक्की पाठवा, वहिनी," शिपाई दारातूनच म्हणाला.

गोदाला खरंच वाटेना. दरवर्षी तो "घरीच ठेवा" म्हणून सांगायला यायचा. दुसरीत तिसऱ्यांदा बसलेल्या तिच्या लेकीला अजून अक्षर लागत नव्हतं. साहेबांपुढं शाळेची शोभा नको. गोदानं तिला न्हाऊ घातलं, घट्ट वेण्या घातल्या आणि स्वतःच घेऊन गेली.

व्हरांड्यात चार मुलं वर्गाबाहेर वेगळी बसवली होती, तीही न्हाऊन-माखून आणलेली. फाटकाशी जाळीच्या खिडक्यांची गाडी उभी होती.

"अशा मुलांसाठी जिल्ह्याला निराळी शाळा निघालीय," हेडमास्तर म्हणाले. "तिथं शिकेल."

"संध्याकाळी घरी कोण सोडणार?" गोदानं विचारलं.

हेडमास्तर शिपायाकडं वळले. "पोरीसोबत अंथरूण द्यायला यांना सांगितलं नव्हतंस?"