चालून आलेली नोकरी

मोठ्या कारखान्यातली कटिंग मास्टरची जागा घरी चालून आली, म्हणून तिनं शिलाईच्या दुकानातल्या नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हापासून दुकानाच्या मालकीणबाई, म्हणजे ताई, तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. तिनं मात्र नोटिशीचा महिना चोख पाळला. हातातले सगळे कपडे बेतून दिले, नव्या बाईला गिऱ्हाइकांच्या खोडीसुद्धा समजावल्या. काम करता करता जुनं आठवायचं. पहिल्याच दिवशी तिनं एक झगा पार वाकडा कापला होता, तेव्हा ताई हसून म्हणाल्या होत्या, "असू दे, उशीचे अभ्रे करू." त्याच ताई आता मान वर करत नव्हत्या.

शेवटच्या संध्याकाळी निरोप घेताना तिला राहवलं नाही.

"ताई, महिनाभरात एकदाही 'राहा' म्हणाला नाहीत. इतकी नकोशी झाले का?"

ताईंनी मशीन थांबवलं. डोळे पुसले.

"रोज ओठांवर यायचं गं. पण मी म्हटलं असतं, तर तू थांबली असतीस. मग त्या कारखान्यात जाऊन तुझ्यासाठी शब्द कशाला टाकला मी?"