पाण्याचं की झुल्यांचं

एकाच आवारात दोन पार्क होते, एक पाण्याचा आणि दुसरा मोठ्या झुल्यांचा. एका दिवसात एकच बघून होणार होता. दहा वर्षांची शर्वरी महिनाभर पाण्यातल्या घसरगुंड्यांबद्दलच बोलत होती, पण तिकिटाच्या खिडकीपाशी आल्यावर म्हणाली, "आई, झुल्यांचं घे."

"का गं? पाण्यात जायचं होतं ना तुला?" मंजिरीनं विचारलं.

"तिथे अर्ध्या बाह्यांचेच कपडे भाड्याने देतात." शर्वरी आईकडे न बघता म्हणाली. "मग सगळे तुझ्या हाताकडे बघतील आणि तू घरी गेल्यावर बोलणार नाहीस."

चार वर्षांपूर्वी कुकर फुटून मंजिरीचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला होता. तेव्हापासून ती ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्या घालायची. मुलगी हे सगळं बघत असेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती मग खिडकीत वाकून म्हणाली, "पाण्याच्या पार्कची दोन द्या."

अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून ती बाहेर आली. घसरगुंडीच्या रांगेत पुढच्या बाईंनी हाताकडे पाहिलंच. "काय झालं हो?"

"भाजलंय. कुकर फुटला होता." परक्या माणसाला ती हे पहिल्यांदाच सांगत होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि रांग पुढे सरकली.

संध्याकाळी पार्क बंद व्हायची शिट्टी वाजली तेव्हा शर्वरी दमून काठावर बसली होती. मंजिरीला अजून एकदा वर जायचं होतं.