डब्यातली गिळी

“दमणगंगेचं पाणी एकदम चोख्खं आहे, मासे बिनधास्त खा,” राखोलीच्या पारावर बसून कारखान्याचा साहेब म्हणाला आणि कोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच नदीचा मासा खाऊन तिची लेक गुड्डी कालपासून ओकत होती. ती तरातरा घरी गेली आणि ताटात तसलाच मासा अन् काखेत डालड्याच्या डब्यातली गिळी घेऊन आली. गिळी म्हणजे नदीकाठचं मांसखाऊ झाड. बेडूक असो, सरडा असो, कुजका उंदीर असो, पान एकदा मिटलं की नुसती हाडं बाहेर पडायची. तिनं मासा पानात टाकला. पान मिटलं. “बघ, खाल्ला की!” साहेब हसला. तेवढ्यात पान थरथरलं, उघडलं आणि अख्खाच्या अख्खा मासा साहेबाच्या बुटावर पडला. साहेब घाईनं उठला. कोंडाबाईनं तोच मासा वाढून ताट त्याच्यापुढे आदळलं. “बसा, साहेब! जेवल्याशिवाय जायचं नाही.”